आप्पांच्या पोटाला झेपेल असा पास्ता

रविवार, २ नोव्हेंबर

आजही आप्पा टेबलाशी आले नाहीत. मी ओव्हन उघडला तेव्हा ते भाकरी आणि मुगाचं वरण खाऊन, आपली ताटली स्वतः घासून खोलीत जाऊन बसले होते. डिश मात्र अप्रतिम झाली होती. वरचं चीज सगळीकडे एकसारखं बदामी, कडेला सॉस रटरटतोय, मधे कुठे पाण्याचं थारोळं नाही. मी जरा वेळ नुसता पाहत उभा राहिलो. सत्यशीला म्हणाली, "अहो, बघून पोट भरलं असेल तर आम्हाला वाढा." मांडलेल्या चार प्लेटांपैकी एक उचलून तिने परत कपाटात ठेवली.

हा बेक्ड पास्ता आमच्याकडे दर रविवारी होतो, आमची मुलगी मैत्री शाळेत होती तेव्हापासून. मला तो कुणी शिकवला नाही. तसं मला कुणीच काही शिकवलेलं नाही. दहावीनंतर ड्रॉइंग वाचायला, मग काढायला, मग कॉम्प्युटरवर काढायला माझं मीच शिकलो, आणि आज कोथरूडच्या माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसात डिप्लोमावाली मुलं मला विचारतात, सर, इथे टॉलरन्स किती धरू? स्वयंपाकातही तेच. आमच्या ओव्हनचा आकडा दोनशे दाखवतो तेव्हा आत एकशे ऐंशी असतात. ऑफिसातलं तापमान मोजायचं थर्मोकपल आत सोडून मी ते तपासलं आहे आणि बटणाशेजारी माझी खूण केली आहे. पास्ता सपाट पांढऱ्या प्लेटमध्ये वाढायचा आणि काट्याने खायचा, हाही माझा नियम. मैत्री लहान असताना चमचा मागायची. दिला नाही. पद्धत म्हणजे पद्धत.

जेवणं झाल्यावर आप्पा बाहेर आले, आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "रतन, सहा डिसेंबर झाला की मी दर्यापूरले जातो. सुदर्शनकडं."

सुदर्शन म्हणजे माझा चुलत भाऊ. मला वाटलं आठ-पंधरा दिवसांची गोष्ट आहे. विचारलं, "परत कधी येता?"

"पाहू न. तिकडंच राहीन म्हणतो."

"काहून?" आप्पांसमोर माझं पुणं गळून पडतं.

"इथलं खाणं मले जड होते. पोट धरत नाही."

आणि आत गेले. आई गेल्यावर मी त्यांना इथे आणलं, त्याला आता अडीच वर्षं होतील. अमरावतीला पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते, अठ्ठ्याहत्तर वय, कधी कुणाकडे काही मागितलं नाही. ते जेवणाच्या कारणाने माझं घर सोडून जाणार?

मी वजनकाटा काढून बसलो. लोणी ऐंशी ग्रॅम, चीज दोनशे, मलईचं दूध पाऊण लिटर. म्हणजे माणशी चाळीस ग्रॅम स्निग्धांश! गेल्या तपासणीत डॉक्टर म्हणालेच होते, आजोबांचं तूप-लोणी बेताने. आणि मी दर रविवारी त्यांच्या पोटावर विटा रचत होतो. वाईट वाटलं. पण एक बरं झालं, कारण सापडलं. कारण सापडलं की सुधारणा करता येते. ड्रॉइंगला रिव्हिजन देतात तशी या पास्त्यालाही द्यायची. जुना तो शून्य. येत्या रविवारी रिव्हिजन-ए.

बुधवार, ५ नोव्हेंबर

ऑफिसातून येताना कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.

"लो-फॅट चीज आहे का?"

दुकानदाराने वर न पाहता सांगितलं, "चीज आहे. त्यात फॅट आहे. काढून तुम्ही घ्या."

"बरं, गव्हाचा पास्ता?"

"गव्हाचं पीठ आहे. पास्ता करून तुम्ही घ्या."

शेवटी मिळाला, मागच्या रॅकवर. तारीख पाहून घेतली तर म्हणाला, "आमच्याकडे जुना माल फक्त आम्हीच." या माणसाकडे मी बारा वर्षं जातो. का जातो, कळत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

रिव्हिजन-ए. लोणी वीस ग्रॅम, साय काढलेलं दूध, चीज ऐंशी, दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर. स्निग्धांश माणशी दहाच्या आत आला. आकड्यांवर मी खूश होतो.

मैत्रीने पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. "बाबा, कंपनीत आमच्याकडे वॉलपेपर लावत होते ना, सेम वास होता."

"खळीला वास नसतो," मी म्हणालो.

"म्हणजे खळ आहे हे मान्य?"

सत्यशीलाने सगळं संपवलं. ती महापालिकेच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर असते, कडू गोष्टी तोंड वाकडं न करता हाताळायची तिला सवय आहे.

आप्पांना मी बोलावलं. म्हणाले, "खोलीत दे. टीव्ही पाहून राह्यलो." खोलीत प्लेट नेऊन दिली. नंतर आणायला गेलो तर निम्मं तसंच. आणि मग केर काढताना पलंगाखाली पास्त्याच्या दोन-तीन नळ्या, पेने, सापडल्या. लहान मुलासारखं लपवून टाकल्या असाव्यात. मला तसं सांगायला त्यांना संकोच वाटत असेल. एवढी वाईट झाली होती का? बहुतेक झाली होती.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सत्यशीलाने अर्धी रजा टाकली आणि आप्पांना दवाखान्यात नेऊन आणलं. मी विचारलं तर म्हणाली, "डोळे दाखवायचे होते." आप्पांनी मान डोलावली. मला सांगितलं असतं तर मी नेलं असतं, स्कूटर आहे, ऑफिस माझं आहे. एक लहानशी गोळी रात्री घ्यायला दिली आहे. डोळ्यांना गोळी? म्हणाली, "असते." औषधातलं तिला कळतं, मी वाद घातला नाही.

दुसरी एक गोष्ट लक्षात आली. आप्पा हल्ली चहा अर्धाच कप मागतात. पूर्वी काठोकाठ लागायचा, वर बशीतही सांडलेला पिऊन टाकायचे. आता अर्धा कप, आणि तोही दोन्ही हातांनी धरून, सावकाश. म्हणजे दूधच पचत नाही! लोण्यामागे लागून मी मूळ कारणाकडे दुर्लक्ष केलं. दही मात्र ते रोज खातात, अगदी वाटीला बोट लावून. मग दह्याचाच सॉस का नको? रिव्हिजन-बी सुचली आणि बरं वाटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

रिव्हिजन-बीबद्दल थोडक्यात लिहितो. चक्का ओव्हनमध्ये फाटला. वर हिरवट पाणी, खाली रवाळ गोळे, त्यात पेने तरंगत होत्या. चूक माझी नाही असं मी आधी म्हणालो. मग वाचून पाहिलं, चूक माझीच होती. चक्क्याला थोडं बेसन लावून मंद आचेवर तापवून घ्यायला हवा होता. कढी करणारी कुठलीही बाई हे सांगू शकली असती, आमच्या घरातल्या बाईने सांगितलंही होतं, पण मी तेव्हा वजन करत होतो.

मुगाची खिचडी लावली. खोलीतून आप्पांचा आवाज आला, "रतन, भट्टी बिघडली का रे?"

"नाही आप्पा, दही फाटलं."

"मंग ताक कर न बाप्पा त्याचं!"

आणि हसले. बऱ्याच दिवसांनी ते असे मोठ्याने हसले. मीही हसलो, मग आठवलं की तिकडे मोठी बॅग माळ्यावरून काढून पलंगाशेजारी ठेवलेली आहे. हसणं तिथेच थांबलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मैत्रीशी जरा वाजलं. मी टेबलावर लाल भोपळा आणि फ्लॉवर उकडून, वेगवेगळे वाटून, कुठला सॉस चमच्यावर किती वेळ टिकतो ते पाहत होतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आजोबांशी एकदा बसून बोललात का?"

"काय बोलायचं? पोटाला जड होतं, हे त्यांनीच सांगितलं."

"ते म्हणाले म्हणून तेच असेल असं नाही ना. आजोबा काय, इश्यू नीट रिपोर्ट करणार आहेत का?"

"मग तू सांग काय आहे ते."

ती सत्यशीलाकडे बघायला लागली. सत्यशीला फ्लॉवरकडे. मग मैत्री म्हणाली, "काही नाही. भोपळा मस्त दिसतोय," आणि कानात इअरफोन लावून आत गेली.

या घरात सगळ्यांना माझ्या प्रयोगांचा कंटाळा आला आहे, असं वाटतं. साहजिक आहे. मलाही शंका येते. आप्पांना जायचंच असेल तर? दर्यापूरला ओळखीची माणसं आहेत, पारावर गप्पा आहेत, आपली भाषा आहे. इथे चौथ्या मजल्यावर काय आहे? माझा पास्ता. त्यावर एक माणूस थांबेल असं समजणं जरा जास्तच आहे. पण दुसरं काय करायचं ते मला येत नाही, आणि हे येतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

रिव्हिजन-सी. आज मी आप्पांना टेबलावर आणलंच. दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "आप्पा, हा लाल भोपळा आहे. लोणी नाही, मलई नाही, चीज नावाला. आता जड होईल तर माझं नाव बदला." ते नाही म्हणत होते. मी हात धरून आणलं. पांढरा इस्त्रीचा सदरा होता, घरातही ते तसेच राहतात.

सॉस खरंच जमला होता. केशरी, मऊ, वर पावाच्या चुऱ्याचा कुरकुरीत थर. मैत्रीनेसुद्धा "ओके, धिस इज फूड" म्हटलं.

आप्पांनी काटा उचलला. तो प्लेटला लागून किणकिणला, थांबला, परत किणकिणला. पेने काट्यावर येईना, आली की ओठांपर्यंत पोचायच्या आत घसरून जाई. मला वाटलं, त्यांना थंडी वाजते आहे. मी उठून पंखा बंद केला, त्यांचा स्वेटर आणून खांद्यावर टाकला आणि सांगितलं, "आप्पा, काटा असा आडवा धरायचा, मग टोचायचं." दाखवूनही दिलं. त्यांनी एकदा टोचलं. ती पेने सदऱ्यावर पडली, छातीवर भोपळ्याचा मोठा डाग. मी "अरे, निघेल तो, लिंबू लावू" म्हणालो.

"झालं माझं," म्हणाले आणि उठले. थोड्या वेळाने त्यांनी सदरा स्वतः धुऊन बाल्कनीत टाकला. मग मैत्रीला हाक मारून म्हणाले, "पोट्टे, तुझ्या त्या मोबाइलवर माझं तिकीट काढ. दहा तारखेचं." तिने काढलं. डोळे पुसत काढलं.

मी सत्यशीलाला म्हणालो, "एवढा हलका करूनही जड होतो, म्हणजे आता फक्त पाणीच उरलं."

ती म्हणाली, "तुम्हाला खरंच दिसत नाही?"

"काय?"

तिने आप्पांच्या दाराकडे पाहिलं. "काही नाही. सॉस चांगला झाला होता."

चांगला झाला होता तर मग काय नाही चांगलं? मी आज प्लेट घासताना एकट्याने पुन्हा चाखून पाहिला. मीठ किंचित कमी आहे. एवढ्यावरून माणूस घर सोडत नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सत्यशीला दवाखान्यातून येताना वाट वाकडी करून रविवार पेठेत, बोहरी आळीत गेली होती. एक पिशवी टेबलावर ठेवली. आत चिनी मातीचे चार बाउल, खोल, जाड, प्रत्येकाला एक कान. आणि चार चमचे.

"अहो, तुम्ही माणशी किती ग्रॅम ते मोजता, पण मोठ्या डिशमधून वाढताना ते सगळं हुकतं ना? मैत्री मधलं चीज ओढून घेते. त्यापेक्षा ज्याचं त्याचं वेगळं भाजा. वजन करूनच भरा."

मला धक्का बसला. तीन आठवडे मी साहित्य ग्रॅमवर मोजतोय आणि वाढणी डोळ्यांच्या अंदाजाने! एवढी ढोबळ चूक माझ्या ऑफिसातल्या मुलाने केली असती तर मी त्याला ड्रॉइंग परत फेकलं असतं. तसं पाहिलं तर ही कल्पना माझ्याच पद्धतीतून निघते, तिने फक्त उच्चारली. तरी तिचं कौतुक केलं. ती म्हणाली, "हो ना, तुमचीच कल्पना आहे," आणि कपडे बदलायला गेली.

बाउल तपासले. तोंड अकरा सेंटिमीटर, खोली सहा. अकराच्या तोंडात पेने फार लांब होतात, आडव्या बसत नाहीत, पोकळी राहते. तेव्हा आकार बदलावा लागणार, लहान शिंपल्याचा. शिंपल्यात सॉस धरूनही राहतो. काट्याने शिंपले उचलायचे म्हणजे कसरत, म्हणून नाइलाजाने चमचा. चमचे मात्र तिने विनाकारण जाडजूड आणले आहेत, एकेक पासष्ट ग्रॅमचा. दांडाही हातोडीच्या मुठीसारखा. विचारलं, "जरा नाजूक नव्हते?" म्हणाली, "नव्हते." बोहरी आळीत नाजूक चमचे नाहीत, हे पटत नाही. पण घेतले ते घेतले.

रविवार, ३० नोव्हेंबर

रिव्हिजन-डी. लाल भोपळा आणि फ्लॉवर दोन्ही, साय काढलेलं दूध थोडं, तेल दोन चहाचे चमचे, चीज एकंदर साठ ग्रॅम पण सगळं वर, बारीक किसून, पावाच्या चुऱ्यात मिसळून. जिभेला आधी चीज लागतं, म्हणून सगळाच पास्ता चिजाचा वाटतो. ही युक्ती माझी. स्निग्धांश माणशी सहा ग्रॅमच्या आसपास.

टीव्हीवर मॅच होती. मी टेबल मांडत होतो तेवढ्यात सत्यशीला आपला बाउल उचलून सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. तिच्या मागोमाग मैत्री खाली सतरंजीवर. मी म्हणालो, "ही काय पद्धत?" सत्यशीला म्हणाली, "गरम आहे तोवर खाऊ द्या हो. आप्पा, तुमचा इथे आहे, या."

आप्पा दारातून पाहत होते. आले. सोफ्याच्या कोपऱ्यात बसले. डाव्या हाताने बाउलचा कान धरला, बाउल अगदी छातीशी घेतला, चमचा कडेला टेकवला. टक्-टक्-टक् असा बारीक आवाज येत होता. मग चमचा वर, आणि थेट तोंडात. अंतर किती, चार बोटांचं. मैत्री मॅचकडे बघत होती, पण तिने घास थांबवला होता. आप्पांनी दुसरा घेतला. तिसरा. मग कुणीतरी बाद झालं आणि आप्पा तोंडात घास असताना ओरडले, "आंधळा हाय का हा अंपायर!"

बाउल रिकामा केला. आत चमचा फिरवून निपटून घेतला. मी विचारलं, "जड?"

"जड नाही. अळणी हाय. लसूण टाक न बाप्पा, मिरची टाक. दवाखान्याचं खाणं झालं हे."

माझ्या पास्त्यावर इतकी कडक टीका करताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता. म्हणजे, ऐकताना. वाक्य चुकलं, राहू दे. माझ्या बाउलमधला अर्धा मी त्यांच्या बाउलमध्ये घातला. नाही म्हणाले नाहीत.

सत्यशीला स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून नळ सोडून बराच वेळ काहीतरी धूत होती. भांडी तर चारच होती.

रविवार, ७ डिसेंबर

काल सहा डिसेंबर. सकाळी सगळे विहारात गेलो. आप्पांनी पांढरा सदरा घातला होता, त्यावरचा डाग गेला आहे. वंदना झाल्यावर मी त्यांच्या बाजूला बसून होतो, पण तिकिटाचं काढायचा धीर झाला नाही.

आज रिव्हिजन-ई. सॉसमध्ये लसूण आठ पाकळ्या, वर लाल मिरची भरड. आप्पांनी पहिल्या घासाला डोळे मिटले. "आता खाणं झालं हे."

मैत्री म्हणाली, "बाबा, फायनल करा आता. रिव्हिजन झेडपर्यंत जायची गरज नाही." मग आप्पांकडे वळून, "आजोबा, पुढच्या रविवारी माझे ऑफिसचे दोघं येणार आहेत, निकिता आणि अनिरुद्ध. त्यांना हाच खायचाय. तुम्ही पण हवे."

"पुढच्या रविवारी मी कुठं हाओ पोट्टे? दहालेच चाललो."

आप्पांनी चमचा बाउलच्या कडेला टेकवला. टक्-टक् झालं. चमच्याकडे पाहतच ते म्हणाले, "दर्यापूरले आता थंडीही लय पडली म्हणते सुदर्शन. रद्द होते का ते तिकीट?"

मैत्रीने मोबाइल काढायला जेवढा वेळ लावला त्याहून कमी वेळात तिकीट रद्द झालं.

शेवटी आकड्यांनीच काम केलं. चाळीसवरून सहावर आणला. सत्यशीलाला मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "तुम्हीच केलंत हे," आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकाचं एवढं सरळ कौतुक तिने पहिल्यांदा केलं.

रविवार, १४ डिसेंबर

आज नीट लिहायचं आहे.

माणसं सहा, बाउल चार. शिवाय मैत्रीचे पाहुणे पहिल्यांदा येणार, त्यांच्यासमोर सोफ्यावर पाय घेऊन बसायचं मला पटेना. म्हणून मी मोठी काचेची डिश काढली, पांढऱ्या प्लेटा काढल्या, काटे पुसून मांडले. सत्यशीला म्हणाली, "अहो, बाउलच बरे होते." मी म्हणालो, "पाहुण्यांना जरा दिसायला नको का? वडीसारखे तुकडे पडतील. आत सगळं तेच आहे." खरंच सगळं तेच होतं. तोच भोपळा, तोच लसूण, तेच सहा ग्रॅम.

सात वाजता आप्पा म्हणाले, "मी आधीच खाऊन घेतो. तुमचं होऊ द्या पाहुण्यांसंगं."

मी म्हणालो, "आप्पा, तोच आहे. रिव्हिजन-ई."

"हो न. पण आज पोट जरा..."

मैत्रीने ऐकलं नाही. अनिरुद्धनेही खुर्ची ओढून दिली. चांगला मुलगा आहे. आप्पांना विचारत होता, ट्रेसर म्हणजे नक्की काय? आप्पा सांगायला लागले. इंजिनिअरने पेन्सिलने काढलेला नकाशा, त्यावर मेणाचं कापड ताणायचं आणि शाईने एकेक रेष उतरवायची. कालवा असला की हातभर लांब रेष, मधे हात उचलायचा नाही, श्वास सोडायचा नाही. "एक थेंब सांडला की अख्खं कापड बाद," आप्पा म्हणाले, "माझं एकही बाद नाही झालं." निकिता म्हणाली, "वॉव, काका, हात काय स्टेडी असेल तुमचा!"

आप्पांनी हात टेबलाखाली घेतले.

मी तेव्हा त्यांना वाढायला वाकलो होतो. तुकडा छान निघाला होता, चौकोनी, तो त्यांच्या प्लेटमध्ये ठेवला आणि माझी नजर टेबलाखाली गेली. आप्पांचे दोन्ही हात मांडीवर होते. डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं होतं, शिरा वर आल्या होत्या, आणि त्या पकडीतही उजवा हात थरथरत होता. थंडी नव्हती. ओव्हन शेजारीच होता, मला घाम आला होता.

वर त्यांचा चेहरा काट्याकडे लागला होता.

मी सरळ उभा राहिलो. मग त्यांची प्लेट उचलली. मग निकिताचीही, तिने घास घेतला नव्हता. डिशही उचलली. "थांबा सगळे. मधला भाग गार राहिला आहे."

मैत्री म्हणाली, "बाबा! वाफा येतायत!"

"वरून येतात. मधे गार आहे. मला कळतं ना."

स्वयंपाकघरात जाऊन मी तो सगळा पास्ता मोडला. चौकोन, थर, सगळं मोडून चार बाउल भरले. आणखी दोन लागत होते, तर चहाचे मोठे मग घेतले. दिसायला भयंकर. सत्यशीला दाराशी उभी होती. काही न बोलता तिने खण उघडला आणि ते जाड चमचे माझ्या हातात दिले. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, एवढीच. मी काही विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनी तिला सांगू नको म्हटलं असणार. रतन मोजायला बसेल म्हणून. बसलो असतो.

बाहेर येऊन मी म्हणालो, "आमच्याकडे हा पास्ता हातात घेऊन, टेबलापासून उठून खातात. टेबलावर त्याला चव येत नाही." आणि मी स्वतः सतरंजीवर मांडी घालून बसलो. अनिरुद्ध लगेच बाजूला बसला, घास घेऊन म्हणाला, "काका, हे भारी आहे, एकदम कम्फर्ट फूड." मी आप्पांना त्यांचा बाउल दिला, कान त्यांच्या डाव्या हाताकडे करून.

टक्-टक् झालं. आप्पांनी पहिला घास घेतला आणि निकिताला म्हणाले, "तर मी काय सांगून राह्यलो होतो? हां, शाई." पुढचा अर्धा तास कालवे, धरणं, साहेब लोक, एकातून एक. दुसऱ्यांदा घेतलं. सदऱ्यावर एक शिंपला पडला, तो त्यांनी उचलून खाल्ला आणि गोष्ट चालू ठेवली.

नोंद. रिव्हिजन-एफ. साहित्य ई-प्रमाणेच. बदल : मोठी डिश, सपाट प्लेटा आणि काटे रद्द, कायमचे. कारण : मधला भाग नीट तापत नाही.

पाहुणे गेल्यावर आप्पा झोपायला निघाले. दारापाशी थांबले.

"रतन, मधात गार नव्हतं ते."

"होतं, आप्पा."

माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं बाप्पा. असन."